टॉवरच्या काचेमागे जायचंय? एटीसीच्या जाहिरातीपासून पहिल्या रेटिंगपर्यंत

नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा आमच्या आत्याने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तू विमानाला झेंडा दाखवणार का रे?" तिचं काही चुकलं नव्हतं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाने पाहिलेली वाहतूक म्हणजे एस.टी. आणि भुसावळच्या गाड्या. मला स्वतःलाही फॉर्म भरताना एवढंच ठाऊक होतं की फिजिक्स-मॅथ्सच्या बी.एस्सी.वर मिळणारी ही केंद्राची चांगली नोकरी आहे. बाकी सगळं ठेचा खात शिकलो. आता दर महिन्याला कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी भाची फोन करते आणि तेच प्रश्न विचारते, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी गैरसमज दूर करू. पार्किंगमध्ये हातात दांडके घेऊन विमानाला जागेवर आणतो तो मार्शलर. तो आम्ही नव्हे. हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे एटीसीवाला, विमानांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर ठेवतो आणि त्याच वेळी रांग पुढे सरकवतो. उभं अंतर साधारण १,००० फूट. रडारवर आडवं अंतर विमानतळाच्या जवळ ३ नॉटिकल मैल आणि लांबच्या मार्गावर ५. आकडे एवढेच, पाठ करायला पाच मिनिटं लागतात. सांभाळायला शिकण्यात वर्षं जातात.

भारतात नागरी विमानतळांवर हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. १ एप्रिल १९९५ ला स्थापन झालेली ही केंद्राची संस्था आहे, आणि भरती तीच करते. "सहा महिन्यांचा एटीसी डिप्लोमा करा, नोकरी पक्की" असं सांगून पैसे घेणारे क्लास शहराशहरात आहेत. तो डिप्लोमा कुणीही मागत नाही. भरतीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास लावायचा तर लावा, पण 'एटीसी कोर्स' नावाच्या वस्तूवर एक रुपया घालवू नका. एअर होस्टेस आणि ग्राउंड स्टाफच्या संस्थांच्या पाटीवरही कधी कधी हे शब्द दिसतात, तिथूनही पुढे जा.

१. पुस्तक घेण्याआधी डोळे तपासून घ्या

ही पायरी लोक शेवटी करतात. मी पहिली लिहितोय, कारण वर्षभर अभ्यास करून, परीक्षेत उत्तम नंबर काढून, वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणामुळे बाद झालेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. घरी कुणाला कळणार? आंबा पिकलाय की कच्चा हे तो वासावरून सांगायचा.

नियंत्रकांना वर्ग ३ ची वैद्यकीय तपासणी लागते. चष्मा चालतो, इतकंच की चष्मा लावून प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. रंग ओळखता यायला हवेत, ऐकू नीट यायला हवं. जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा, ठिपक्यांच्या आकड्यांची इशिहारा चाचणी करून घ्या, आणि शक्य असेल तर एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी. याला तुमची एक सकाळ लागेल. रक्तदाब, साखर यांची शंका असेल तर तेही आत्ताच पाहा, कारण ही तपासणी नोकरीभर ठरावीक काळाने होतच राहते.

२. पात्रता, आणि पदवीत लपलेला खड्डा

पदाचं नाव ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एटीसी. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे:

- फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन्ही विषय असलेली तीन वर्षांची पूर्णवेळ बी.एस्सी., किंवा कोणत्याही शाखेची इंजिनिअरिंगची पदवी, ज्यात एखाद्या तरी सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स होतं.
- दहावी किंवा बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण.
- वय कमाल २७. ओबीसींना ३ आणि एस.सी., एस.टी.ना ५ वर्षांची सूट.
- मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००. भत्ते वेगळे.

खड्डा कुठे आहे? बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. आय.टी. केलेले "आमच्याकडेही मॅथ्स होतं" म्हणून फॉर्म भरतात आणि कागदपत्र तपासणीला घरी जातात. आपल्या विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला एकच विषय उरतो, त्यामुळे शेवटच्या गुणपत्रिकेवर नुसतं फिजिक्स दिसतं. तेव्हा पहिल्या वर्षापासूनची प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका जपून ठेवा. एखादी हरवली असेल तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढायला आजच अर्ज करा, परीक्षेच्या निकालानंतर नव्हे. इंजिनिअरांनी 'अप्लाइड सायन्स' वगैरे नावाखाली शिकवलेल्या विषयाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह घेऊन ठेवावा.

जाहिरात मात्र दर वेळी शब्दशः वाचा. अटींमधला एखादा शब्द बदलतो आणि मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबलेला माणूस अडकतो.

३. कागदपत्रं: मराठी मुलं इथेच सर्वांत जास्त अडकतात

फाइलमध्ये हे सगळं असू द्या: दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, सी.जी.पी.ए. असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचं विद्यापीठाचं पत्र, आधार आणि आणखी एक ओळखपत्र, फॉर्मवर लावला होता त्याच फोटोच्या दहा-बारा प्रती, आणि आधीच सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र.

आता जातीच्या दाखल्याबद्दल. ही केंद्राची भरती आहे. राज्याच्या भरतीसाठी काढलेला जातीचा दाखला, जात वैधता आणि मराठीतलं नॉन-क्रिमीलेअर, हे तिन्ही हातात असूनही ओबीसी उमेदवार परत पाठवले जातात, कारण केंद्राला त्यांच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्रीय यादीत असावी लागते. राज्यात एन.टी. असलेल्या बऱ्याच जाती, उदाहरणार्थ धनगर आणि वंजारी, केंद्रात ओबीसी म्हणून येतात. त्यांनी फॉर्मवर एन.टी.चा रकाना शोधत बसू नये. एस.ई.बी.सी. हा प्रवर्गही केंद्राच्या भरतीत नाही. ई.डब्ल्यू.एस. घेत असाल तर त्याचाही केंद्राचा नमुना आणि चालू आर्थिक वर्ष बघून घ्या. सेतूमध्ये जाताना जाहिरातीच्या शेवटी छापलेला नमुना प्रिंट काढून सोबत न्या आणि खिडकीवर तोच पुढे करा. नुसतं "सेंट्रलचं पाहिजे" म्हटलं की खिडकीमागून "ते हेच असतं" असं उत्तर येतं. ते हेच नसतं.

नावाचंही पाहा. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी, लग्नानंतर तिसरंच. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यायला वेळ लागतो.

४. लेखी परीक्षा

संगणकावरची परीक्षा, १२० प्रश्न, १२० मिनिटं. निम्मे प्रश्न फिजिक्स आणि मॅथ्सचे, उरलेल्या निम्म्यात इंग्रजी, बुद्धिमत्ता, अंकगणित आणि सामान्य ज्ञान. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. हे सांगायला लागू नये, पण माझ्या शेजारचा मुलगा चौदा प्रश्न सोडून उठला होता.

फिजिक्स-मॅथ्स बारावी आणि बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचं धरून चाला. जुन्या नोट्स काढा. यावर अधिक लिहीत नाही, परीक्षेची तयारी सांगणारे माझ्यापेक्षा हुशार लोक भरपूर आहेत.

५. आवाज, मन आणि लघवीची बाटली

लेखी परीक्षेनंतर कागदपत्र तपासणी, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी असा क्रम असतो.

आवाजाच्या चाचणीला लोक उगीच घाबरतात. तिथे कॉन्व्हेंटचं इंग्रजी कुणी शोधत नाही. उतारा वाचताना तुम्ही अडखळता का, तोतरेपणा आहे का, रेडिओवरून तुमचा शब्द समोरच्याला कळेल का, हे पाहतात. मी मराठी माध्यमाचा. महिनाभर रोज दहा मिनिटं इंग्रजी पेपर मोठ्याने वाचला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकला. स्वतःचा आवाज ऐकणं फार लाजिरवाणं असतं. तरी ऐका. मला कळलं की मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळतो. आमच्या कामात तो शेवटचा शब्द बहुतेक वेळा आकडा असतो.

खोकल्याचं किंवा झोपेचं एखादं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि चाचणीआधी तसं सांगा.

६. ट्रेनिंग: हॉस्टेल, सिम्युलेटर आणि बाँड

निवड झाली की प्रशिक्षण संस्थेत पाठवतात. प्रयागराजचं नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय १९४८ पासूनचं, सर्वांत जुनं. हैदराबादला एक केंद्र आहे. तिसरं आपल्या गोंदियात. विदर्भातल्या मुलांनाही हे माहीत नसतं याचं मला नवल वाटतं.

रुजू होताना बाँड लिहून द्यावा लागतो. अलीकडच्या जाहिरातींत तो ७ लाखांचा आणि ट्रेनिंगनंतर ३ वर्षं नोकरी करण्याचा आहे. यू.पी.एस.सी.चा विचार डोक्यात असेल तर घरी बसून हा हिशेब आधीच करा.

वर्गात हवामान, दिशादर्शन, विमानांचे प्रकार, हवाई कायदे, रेडिओ संभाषण असे विषय असतात. वर्गातलं कुणालाही जमतं. कस लागतो सिम्युलेटरमध्ये. भिंतीभर पडद्यावर खोटा विमानतळ, शेजारच्या खोलीत तुमचेच वर्गमित्र वैमानिक बनून बसलेले, मागे इन्स्ट्रक्टर उभे. पहिल्या दिवशी चार विमानं आली आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. हे जवळपास सगळ्यांचं होतं.

तिथे जाण्याआधी तीन गोष्टी अंगवळणी पाडून घ्या.

पहिली, अक्षरं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी घोकू नका, एस.टी.त खिडकीजवळ बसा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचा. एम.एच. १९ म्हणजे माइक होटेल वन नाइनर. जळगाव ते नाशिक एवढ्या प्रवासात पक्कं होतं. आकड्यांमध्ये थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ' आणि नाइनला 'नाइनर' म्हणायचं असतं. आयुष्यभर ज्या 'ट्री'बद्दल इंग्रजीच्या बाईंनी टोकलं, तोच इथे प्रमाण उच्चार निघाला याचा मला फार आनंद झाला होता.

दुसरी, वेग. आंतरराष्ट्रीय नियमात बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त नसावा असं लिहिलं आहे. मोबाइलवर घड्याळ लावून १०० शब्द वाचून पाहा, किती संथ वाटतं ते कळेल. नवखा माणूस गर्दी वाढली की भरभर बोलतो, वैमानिकाला कळत नाही, तो "से अगेन" म्हणतो, आणि वाचवलेल्या दोन सेकंदांच्या जागी दहा सेकंद जातात.

तिसरी, शब्दांचे नेमके अर्थ. 'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे. तुमचं सगळं ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ. 'हो'ला 'अफर्म', 'नाही'ला 'निगेटिव्ह', आणि 'समजलं, तसं करतो'ला 'विल्को'. सिनेमात सगळे उठसूट रॉजर म्हणतात, ते तिथेच सोडून या. 'टेकऑफ' हा शब्दही उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. या नियमामागे २७ मार्च १९७७ आहे. स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जंबो जेट धडकली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी मिळालेली नसताना एका वैमानिकाने रेडिओवर सांगितलं होतं की आम्ही टेकऑफला आहोत, आणि टॉवरमधून उत्तर गेलं, ओके. त्या दोन्ही वाक्यांचे दोन-दोन अर्थ निघत होते.

एक इशारा. सरावासाठी म्हणून रेडिओ स्कॅनर विकत घेऊन विमानतळाचं बोलणं ऐकत बसू नका. आपल्याकडे त्यासाठी वायरलेसचा परवाना लागतो. नोकरीआधीच पोलिसांना उत्तरं देण्यात काही मजा नाही.

७. रीडबॅक ऐकायला शिका

याला वेगळी पायरी देतोय, कारण निम्मी नोकरी यात आहे.

तुम्ही उंची, दिशा, वेग, धावपट्टी, हवेच्या दाबाचा आकडा, रडारवर विमान ओळखू देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचा कोड यांपैकी काहीही दिलं की वैमानिक ते तुम्हाला परत म्हणून दाखवतो. तो रीडबॅक. तो बरोबर आहे की नाही हे तुम्ही ऐकणं म्हणजे हिअरबॅक. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात तो बोलत असतो तेव्हा तुमचं मन पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं आणि तुम्हाला जे ऐकायचं आहे तेच ऐकू येतं. समजा आयफ्लाय ५१३ आणि आयफ्लाय ५३१ एकाच वेळी तुमच्याकडे आहेत (रेडिओवर इंडिगोच्या विमानांना आयफ्लाय म्हणतात). तुम्ही एकाला खाली उतरायला सांगितलं आणि उत्तर दुसऱ्याने दिलं. आवाजांत फारसा फरक नाही, कंपनी तीच. पकडाल?

१२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर प्रत्येक भारतीय नियंत्रकाला शिकवली जाते. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग १४,००० फुटांवर आणि दिल्लीकडे येणारं कझाक इल्युशिन १५,००० वर राहायचं होतं. परवानगी बरोबर होती, समोरून विमान येत असल्याचंही सांगितलं होतं. कझाक विमान १५,००० ओलांडून खाली आलं. ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरींमध्ये एवढी मोठी जीवितहानी दुसऱ्या कोणत्याही टकरीत झालेली नाही. चौकशीत कझाक वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. आज वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही इंग्रजीची किमान चौथी पातळी गाठावी लागते, आणि चौथ्या पातळीवर असाल तर दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. त्यात उच्चार, व्याकरण, शब्दसंपत्ती आणि ओघ यांच्याबरोबर 'समजणं' आणि 'संवाद' यांनाही स्वतंत्र गुण असतात.

८. ओजेटी, आणि 'सर' म्हणण्याचा रोग

ट्रेनिंग संपल्यावर तुम्ही विमानतळावर येता ते विद्यार्थी नियंत्रक म्हणून. हीच ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग. खऱ्या विमानांशी बोलता, पण शेजारी इन्स्ट्रक्टर हेडसेट लावून बसलेले असतात आणि तुमचा आवाज तोडून स्वतः बोलू शकतात. ठरलेले तास भरले, स्थानिक नकाशे आणि पद्धती तोंडपाठ झाल्या, लेखी-तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा झाली, की रेटिंग मिळतं, म्हणजे ती खुर्ची इन्स्ट्रक्टरशिवाय सांभाळायची परवानगी. आधी टॉवरचं, मग विमानतळाच्या आसपासच्या आकाशाचं अप्रोच, मग लांबच्या मार्गांचं एरिया कंट्रोल.

सोबत लागतं ते असं: स्वतःची वही, दोन पेनं, डबा, आणि एसीसाठी स्वेटर. मे महिन्यातसुद्धा स्वेटर.

ओजेटीत लोक ज्ञान कमी म्हणून अडकत नाहीत. अडकतात ते दोन सवयींमुळे, आणि दोन्ही आपल्या घरातून आलेल्या आहेत. मोठ्या माणसाने काही सांगितलं की कळो न कळो, "हो सर, हो सर" म्हणायचं, ही एक. आणि मोठा माणूस चुकताना दिसला तरी गप्प बसायचं, ही दुसरी. आमच्या कामात या दोन्हींनी माणसं मरतात.

माझाच प्रसंग सांगतो. विमानतळाचं नाव राहू द्या. पावसाळ्याची सकाळ, गवतातले किडे वर आलेले, त्यांच्यामागे पक्षी. पक्षी हाकलणारी जीप मी धावपट्टीवर सोडली आणि पद्धतीप्रमाणे समोरच्या फळ्यावर, जिथे प्रत्येक विमानाच्या माहितीची कागदी पट्टी लावतो, तिथे लाल पट्टी लावली: धावपट्टी अडलेली आहे. मग आणखी दोन विमानांच्या कागदी पट्ट्या आल्या, जागा कमी पडली, आणि मी ती लाल पट्टी जरा बाजूला सरकवली. नजरेआड म्हणजे मनाआड. पाचेक मिनिटांनी उतरणारं विमान सहा मैलांवर आलं. मी माइकचं बटण दाबायला बोट नेलं, लँडिंगची परवानगी तोंडाशी होती. ग्राउंडच्या, म्हणजे जमिनीवरची विमानं फिरवण्याच्या, जागेवर बसलेला मुलगा, माझ्याहून सहा महिन्यांनी कनिष्ठ, एवढंच म्हणाला, "सर, जीप." मी विमानाला "कंटिन्यू अप्रोच" दिलं, म्हणजे येत राहा, पण उतरायची परवानगी अजून नाही, जीप बाहेर काढली, विमान उतरलं. वेळ पुरेसा होता, विमान घिरट्यांनाही पाठवावं लागलं नाही. वैमानिकाला काही कळलंही नसेल.

शिफ्ट संपल्यावर इन्स्ट्रक्टरनी मला झापलं नाही. त्यांनी त्या मुलाला चहा पाजला, आणि माझ्यासमोर विचारलं, "बोलायच्या आधी तू किती वेळ थांबलास?" तो म्हणाला, "दोन-तीन सेकंद. वाटलं सरांना माहीत असेल." त्या दोन-तीन सेकंदांवर ते अर्धा तास बोलले.

म्हणून ओजेटीच्या पहिल्या आठवड्यापासून हे पाळा:

- कळलं नाही तर "कळलं नाही, परत सांगा" असं पूर्ण वाक्य म्हणा. मान डोलवू नका.
- शंका आली की बोला. अर्धवट शब्द चालतात. "जीप" हा एक शब्द पुरला होता.
- कुणी तुम्हाला टोकलं तर आधी विमान सांभाळा, मग "थँक्यू" म्हणा. स्पष्टीकरण चहाच्या वेळी.
- आपली चूक स्वतः लिहून कळवा. रेडिओ आणि टेलिफोनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं आणि किमान ३० दिवस ठेवलं जातं, तेव्हा लपवून उपयोगही नसतो.

९. शेजारच्या खुर्चीवर लक्ष ठेवा

बाहेरच्यांना वाटतं एकटा माणूस माइकवरून विमानं खेळवतो. एका विमानाला मार्गाची परवानगी देणारा वेगळा, जमिनीवर फिरवणारा वेगळा, धावपट्टी सांभाळणारा तिसरा, वर गेल्यावर अप्रोच चौथा, पुढे एरिया. हवाई क्षेत्राच्या वेशीवर शेजारच्या केंद्राला फोन करून विमान सोपवावं लागतं.

मुंबईचं उदाहरण घ्या. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे काम बहुतेक वेळ एकाच धावपट्टीवर चालतं, आणि तरीही २०१८ मध्ये तिथे २४ तासांत १,००० हून अधिक विमानांची ये-जा झाली. हे कसं जमतं? उतरायला येणारं विमान शेवटच्या टप्प्यात साधारण १४० नॉटने, म्हणजे तासाला १४० नॉटिकल मैलांनी येतं, म्हणजे मिनिटाला सव्वादोन मैलांहून थोडं जास्त. अप्रोचवाल्याने दोन विमानांत सहा मैल ठेवले तर टॉवरला अडीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात पहिलं बाहेर निघतं, एक उडतं, दुसरं उतरतं. अप्रोचने तेच अंतर चार मैल केलं तर उडणारं विमान जागेवरच राहतं आणि मागे रांग लागते. टॉवरवाला कितीही तरबेज असो, त्याला मिळालेली फट दुसऱ्याच्या हातची असते. शिकाऊ असताना सुट्टीच्या वेळी एकदा तरी अप्रोचच्या खोलीत जाऊन मागे उभे राहा. आपल्या एका फोनने तिथे काय उलथापालथ होते ते पाहिलं की फोनवरची भाषा आपोआप सुधारते.

खुर्ची सोपवण्याची वेळ सर्वांत धोक्याची. शिफ्ट बदलताना यादी वाचून सोपवा: हवामान, धावपट्टी, बंद टॅक्सीवे, बिघडलेली उपकरणं, कोणाला काय कबूल केलंय. शेवटचा मुद्दा हमखास राहतो. घेणाऱ्याने किमान दोन मिनिटं मागे उभं राहून चित्र डोक्यात बसवावं, आणि देणाऱ्याने सोपवल्यावर लगेच पळू नये.

आणि एकटं बसू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी एकच नियंत्रक दोन स्क्रीन सांभाळत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता आणि रात्री तसं करण्याचा तिथे रिवाजच पडला होता. टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद. शेजारच्या केंद्रातल्या नियंत्रकांना धोका दिसला होता, ते फोन लावत राहिले, लागला नाही. "रात्री ट्रॅफिक कमी असतं, तू जाऊन पड" हे वाक्य मैत्रीचंच असतं. तरी नको म्हणा.

१०. झोप, घर आणि बदली

सलग दोन तासांपेक्षा जास्त खुर्चीवर बसायचं नाही आणि मध्ये अर्धा तास मोकळा घ्यायचा, असा दंडक आहे. मोकळ्या वेळात मोबाइल बघत बसू नका, डोळे मिटा. नाइटच्या आधी दुपारी झोप घ्या, घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा की दारावरची बेल बंद राहील. दिवाळी, गणपती, भावाचं लग्न यांतलं काहीतरी चुकणार. ड्यूटीवर ब्रेथ अ‍ॅनालायझर कधीही लागू शकतो, त्यामुळे आदल्या रात्रीच्या पार्टीचा हिशेब ठेवा.

पोस्टिंग भारतभर कुठेही. "पुणे मिळेल का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आणि दाबोळीचं नौदलाकडे आहे, त्यामुळे तिथल्या टॉवरची आशा धरू नका. मुंबई, जुहू, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, गोव्यात मोपा, आता नवी मुंबई, अशा जागा आहेत. पहिली पोस्टिंग आगरतळ्याला मिळाली तर निमूट जा, छोट्या टॉवरवर शिकायला वेळ मिळतो.

आणि रेटिंग त्या त्या जागेचं असतं हे लक्षात असू द्या. बदली झाली की नव्या विमानतळाच्या धावपट्ट्या, डोंगर, मार्ग, सगळं नव्याने, पुन्हा ओजेटी, पुन्हा परीक्षा. माझी गेल्या वर्षी बदली झाली आणि मी सध्या परत शिकाऊ आहे. माझ्या इन्स्ट्रक्टर माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. परवा संध्याकाळच्या गर्दीत त्यांनी हेडसेट जरासा बाजूला केला आणि विचारलं, "सर, त्याचा रीडबॅक ऐकलात?"

ऐकला नव्हता. मी तसं सांगितलं, आणि माइकवर म्हणालो, "से अगेन."